आधी मोजा, मग खोला

मिशिगन, ओहायो, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा ठिकाणांहून वाचकांचे जे प्रश्न माझ्याकडे येतात, ते साधारण तीनच असतात. साठच्या दशकातली शेव्हेल, मस्टँग किंवा जीटीओ मिळते आहे, घेऊ का? घेतली, पण इंजिन निळा धूर टाकतंय. स्वतः बांधू की कारागिराकडे देऊ? आणि बांधून झालंय, आता ड्रॅग स्ट्रिपवर न्यायची तर काय लागतं? विचारणाऱ्यांपैकी बरेच जण शाळा-कॉलेजच्या वयात घरच्या आरएक्स १००चा कार्ब्युरेटर अंगणात वर्तमानपत्र पसरून खोलत बसलेले असतात. अमेरिकेत दोन गाड्यांचं गॅरेज आणि हाताशी चार पैसे आले की ती हौस पुन्हा जागी होते. ती जागी व्हावीच.

मात्र तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच घोळ दिसतो. पार्ट आधी मागवले जातात आणि मोजमाप नंतर होतं. कॅम आला, पिस्टन आले, चकचकीत कार्ब्युरेटर आला आणि मग कळतं की ब्लॉकला तडा आहे. म्हणून हा लेख ज्या क्रमाने काम करायचं, त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरणं बहुतेक शेव्हर्लेच्या व्ही-८ इंजिनांची आहेत, कारण त्यांचे पार्ट सर्वांत सहज मिळतात आणि वाचकांकडेही तीच जास्त आहेत.

पहिला निर्णय : पाव मैल किती सेकंदांत?

ड्रॅग शर्यतीचं अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशेबात सुमारे ४०२ मीटर. ते किती सेकंदांत कापायचं हे इंजिनाला हात लावण्याआधी कागदावर लिहा. त्यासाठी एक जुना, विश्वासाचा हिशेब आहे. गाडीचं चालकासकट वजन पौंडांत घ्या, त्याला नेट अश्वशक्तीने भागा, येणाऱ्या आकड्याचं घनमूळ काढा आणि ५.८२५ने गुणा. उत्तर सेकंदांत येतं. ३६०० पौंडांच्या गाडीसाठी ते असं दिसतं :

- १४ सेकंद : सुमारे २६० अश्वशक्ती
- १३ सेकंद : सुमारे ३२५
- १२ सेकंद : सुमारे ४१०
- ११.५ सेकंद : सुमारे ४७०
- ११ सेकंद : सुमारे ५३५

टायरांनी रस्ता नीट धरला तरच हे आकडे खरे ठरतात. तरीही एक गोष्ट लगेच दिसते. चौदावरून तेरावर यायला साधारण ६५ घोडे लागतात, बारावरून अकरावर जायला सव्वाशे. खर्चही तसाच चढत जातो, किंबहुना जास्तच.

इथे नेहमीची एक शंका येते : “माझ्या गाडीच्या जाहिरातीत ३६० अश्वशक्ती लिहिली होती, मग ती पंधरा सेकंद का घेते?” १९७१पर्यंत अमेरिकी कंपन्या ग्रॉस आकडा छापत. तो टेस्ट बेंचवरच्या उघड्या इंजिनाचा. त्यात एअर क्लीनर, अल्टरनेटर, गाडीचा सायलेन्सर काहीच धरलेलं नसे. १९७२पासून नेट आकडा सुरू झाला. जनरल मोटर्सने १९७१ साली दोन्ही आकडे दिले होते, त्यामुळे फरक नेमका कळतो. त्या वर्षीच्या कॉर्व्हेटमधलं ४५४ घन इंचांचं एलएस५ इंजिन ग्रॉस हिशेबाने ३६५ अश्वशक्तीचं होतं आणि नेट हिशेबाने २८५चं. तुमचा हिशेब नेहमी नेट आकड्यावर करा.

सेकंद ठरवताना सुरक्षेचे नियमही शेजारी मांडा. अमेरिकेतल्या बहुतेक स्ट्रिप १९५१ साली वॉली पार्क्स यांनी स्थापन केलेल्या एनएचआरए या संस्थेचे नियम पाळतात. त्यातले तुमच्या कामाचे टप्पे असे :

- १३.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान : स्नेल प्रमाणित हेल्मेट सक्तीचं. स्लिक टायर लावले असतील तर प्रॉपेलर शाफ्टखाली लोखंडी कडंही लागतं.
- ११.४९ किंवा वेगवान : रोल बार, अग्निरोधक जाकीट आणि साध्या टायरांवरसुद्धा शाफ्टचं कडं.
- ९.९९ किंवा वेगवान : जुन्या गाडीसाठी चालकाचा स्वतंत्र स्पर्धा-परवाना.

उघड्या टपाच्या गाड्यांना रोल बारचा नियम बराच आधी, १३.४९ सेकंदांपासून लागतो. नियमपुस्तक दरवर्षी नवं निघतं, तेव्हा चालू वर्षाचं वाचूनच खरेदी करा.

माझा सल्ला स्पष्ट आहे. जी गाडी रविवारी घरच्यांना घेऊन फिरायलाही वापरायची आहे, तिला बारा ते साडेतेरा सेकंदांच्या मध्ये ठेवा. रोल बार बसवायचा म्हणजे पन्नास-साठ वर्षं जपलेल्या गाडीच्या तळाला भोकं पाडावी लागतात. शिवाय हेल्मेट न घालता रस्त्यावर चालवताना डोक्यामागचा तो पाइपच धोका बनतो. छोट्या धडकेतही डोकं त्यावर आपटू शकतं. साडेबारा सेकंदांची गाडी भरपूर वेगवान असते. बसून पाहा, पटेल.

गाडी घेताना कुठे पाहायचं

‘मॅचिंग नंबर्स’ या शब्दांवर अमेरिकेत हजारो डॉलर इकडचे तिकडे होतात. अर्थ एवढाच की गाडीत आज असलेलं इंजिन त्या गाडीत कारखान्यात बसवलेलंच आहे. शेव्हीच्या व्ही-८मध्ये उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक लहानशी सपाट जागा असते, तिला पॅड म्हणतात. त्यावर इंजिनाचा कारखाना, जोडणीची तारीख आणि प्रकाराची अक्षरं ठोकलेली असतात. १९६८पासून गाडीच्या क्रमांकाचा काही भागही असतो.

तपासायचं ते असं. ब्लॉकच्या मागच्या कडेला ओतकामाची तारीख असते. ओतकाम आधी, इंजिनाची जोडणी नंतर आणि गाडीची जोडणी त्याच्याही नंतर, हा क्रम जुळलाच पाहिजे. पॅडवर बॅटरीचा उजेड तिरका पाडा. कारखान्यातल्या कापणीच्या बारीक, एकमेकींना समांतर रेघा दिसायला हव्यात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल किंवा त्यावर गोल घासल्याच्या खुणा असतील, तर नंबर नंतर ठोकलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी गाडी घेऊ नये असं नाही, पण ‘ओरिजिनल’चा भाव देऊ नये.

कागदपत्रांत दोन गोष्टी. पहिली, डॅशबोर्डवरच्या किंवा दाराच्या चौकटीवरच्या ओळख क्रमांकाची पट्टी आणि टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, क्रमांक स्वतः जुळवा. ती पट्टी काढणं किंवा बदलणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे, त्यामुळे रंगकामाच्या निमित्तानेही तिला हात लावू देऊ नका. दुसरी, प्रत्येक राज्यात जुन्या गाडीला टायटल असतंच असं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी टायटलऐवजी हस्तांतरणाची नोंदणीच चालते. शेजारच्या राज्यात राहून न्यूयॉर्कमधून गाडी आणणार असाल, तर तुमच्या राज्याचं मोटार वाहन कार्यालय कोणता कागद मान्य करतं हे पैसे देण्याआधी विचारा. कॅलिफोर्नियाच्या वाचकांना १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलांसाठी धूर-तपासणीतून सूट आहे. बरेच जण गाडीचं वर्ष निवडताना हे विसरतात.

आणि ब्रेक. १९६६ आणि त्याआधीच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांना एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. पाव मैलाच्या शेवटी गाडी ताशी शंभर मैलांनी जात असते. घोडे वाढवण्याआधी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, नव्या लवचीक नळ्या आणि शक्य असेल तर पुढे डिस्क ब्रेक बसवा. जुन्या ब्रेक शूंमध्ये आणि क्लचमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका. ओल्या फडक्याने टिपा.

इंजिन खरंच खोलायला हवं का?

निळा धूर दिसला की ‘काम निघालं’ असं आपण लगेच म्हणतो. अनेकदा दोष व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या कडक झालेल्या रबरी सीलांचा असतो आणि ते तर हेड न उतरवताही बदलता येतात. म्हणून आधी दोन चाचण्या करा.

कॉम्प्रेशन टेस्ट : इंजिन गरम असताना सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून ठेवा. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या ७५ टक्क्यांहून खाली गेला तर काळजीचं कारण आहे.

लीक-डाउन टेस्ट : ही जास्त बोलकी. सिलिंडर टॉप डेड सेंटरला आणून त्यात दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते पाहायचं. दहाच्या आत असेल तर सुखाने गाडी चालवा. वीस-पंचवीसच्या पुढे असेल तर कान लावा :

- कार्ब्युरेटरमधून सूं आवाज : इनटेक व्हॉल्व्ह
- सायलेन्सरच्या टोकातून : एक्झॉस्ट व्हॉल्व्ह
- ऑइल भरायच्या तोंडातून : रिंगा किंवा बोअर
- रेडिएटरमध्ये बुडबुडे : हेड गॅस्किट किंवा तडा

या दोन्ही चाचण्यांची साधनं पार्टच्या दुकानांत सहज मिळतात आणि एक शनिवार पुरतो. निम्म्या वाचकांचा इंजिन बांधण्याचा खर्च या शनिवारी वाचू शकेल असं मला मनापासून वाटतं.

मूळ इंजिन असेल तर ते शर्यतीत घालू नका

खोलायचंच ठरलं आणि तुमच्या गाडीत मूळ नंबरचं इंजिन असेल, तर त्याच जातीचा दुसरा, बिननंबरचा ब्लॉक शोधा आणि शर्यतीचं इंजिन त्यावर बांधा. मूळ इंजिन सिलिंडरांत तेल सोडून, सगळी तोंडं बंद करून, स्टँडवर झाकून ठेवा. अतिवेगात कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर आला, तर त्या गाडीचा इतिहास कायमचा गेला. दुसरा ब्लॉक गेला तर एक ब्लॉकच जातो.

३५० घन इंचांचा स्मॉल-ब्लॉक सर्वांत सोपा पर्याय. त्याचा बोअर ४ इंच आणि स्ट्रोक ३.४८ इंच. बोअर तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवला आणि ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक घातला, की ३८३ घन इंच होतात. रस्त्यावर आणि स्ट्रिपवर अशा दोन्हीकडे वापरायच्या गाडीला मला हे इंजिन सर्वांत योग्य वाटतं, कारण ते कमी फेऱ्यांत ताकद देतं आणि त्यामुळे जास्त टिकतं. ते बांधताना एक पाहा : लांब स्ट्रोकमुळे रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला आणि कधी कॅमला घासतात. क्रँक हाताने पूर्ण फिरवून प्रत्येक ठिकाणी जागा मोजावी लागते.

मशीन शॉप : क्रम आणि कागद

बोअर मारणं, क्रँक ग्राइंड करणं, हेड प्लेन करणं ही कामं घरी होत नाहीत. शॉपकडे जाताना हा क्रम धरा :

१. ब्लॉक गरम टाकीत धुऊन घ्या.
२. चुंबकीय कणांच्या चाचणीने तडे तपासा. बोअर मोठा करायचा असेल तर ध्वनिलहरींनी भिंतींची जाडी मोजून घ्या.
३. मगच ठरवा : तीस, चाळीस की साठ थाऊ.
४. त्या मापाचे पिस्टन विकत घ्या.
५. पिस्टन शॉपला नेऊन द्या आणि प्रत्येक बोअरचं शेवटचं होनिंग त्या-त्या पिस्टनवर मोजून करायला सांगा. हेडच्या जागी टॉर्क प्लेट बांधून होनिंग करणारं शॉप मिळालं तर दोन पैसे जास्त द्या, कारण हेड आवळल्यावर बोअरचा आकार बदलतो.

पिस्टन आधी की बोअर आधी, हा मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. उत्तर वरच्या क्रमात आहे : तपासणी आधी, पिस्टन मध्ये, शेवटचं माप नंतर.

आता मला लागलेली ठेच सांगतो. माझ्या पहिल्या ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, म्हणजे डेक, सपाट करायला मी तोंडी सांगितलं. ब्लॉक परत आला तेव्हा काम सुरेख होतं, पण पॅडवरचा नंबर त्याच कापणीत पुसला गेला होता. शॉपची बाजू अशी की मी सांगितलंच नव्हतं, आणि कागदावर खरोखरच काही नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक कामाच्या पावतीवर पहिली ओळ हीच लिहून घेतो : ‘पॅडला हात लावू नये.’ पॅड सोडून उरलेला पृष्ठभाग कापता येतो. शॉपला ते जमतं, फक्त आधी माहीत असावं लागतं.

पावतीवर लिहून घ्यायच्या बाकीच्या गोष्टी :

- प्रत्येक कामाचा वेगळा दर आणि अंदाजे तारीख
- शेवटची मापं : प्रत्येक बोअर, प्रत्येक जर्नल, डेकची उंची
- खर्च अंदाजापेक्षा वाढणार असेल तर आधी फोन
- काढलेले जुने पार्ट परत हवेत

कॅलिफोर्नियात मोटार दुरुस्ती करणाऱ्याने काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज देणं, त्याहून जास्त खर्चाला तुमची संमती घेणं आणि तुम्ही आधीच मागितले असतील तर बदललेले पार्ट परत देणं हे कायद्यानेच बंधनकारक आहे. इतर अनेक राज्यांतही अशा तरतुदी आहेत. मात्र पैसे थकले तर दुरुस्ती करणाऱ्याला तुमची वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क असतो. बिलाबद्दल वाद असेल तर तक्रार लेखी करा, नुसते पैसे रोखून बसू नका.

‘कोअर एक्स्चेंज’पासून सावध. जुना पार्ट देऊन नवा घेतला की सवलत मिळते, म्हणून लोक मूळ कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, हेडसुद्धा काउंटरवर देऊन येतात. तारखेचा ठसा असलेला मूळ पार्ट पुन्हा मिळवायला सवलतीच्या कितीतरी पट किंमत मोजावी लागते. सवलत सोडा, पार्ट घरी आणा.

पार्ट निवडताना

आधी पेट्रोल. भारतात पंपावर लिहिलेला ९१ आणि अमेरिकेतला ९१ हे एकच नाहीत. भारतात रिसर्च ऑक्टेन आकडा असतो. अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींची सरासरी. अमेरिकेतलं साधं ८७ हे आपल्याकडच्या ९१च्या जवळपास बसतं. पंपावरच्या ९१ ते ९३ पेट्रोलवर लोखंडी हेडसाठी कॉम्प्रेशन साडेनऊच्या आत आणि अॅल्युमिनियमच्या हेडसाठी साडेदहाच्या आसपास ठेवा. १९७०च्या कॅटलॉगमधलं सव्वाअकराचं कॉम्प्रेशन त्या काळच्या शिसंयुक्त पेट्रोलसाठी होतं. तेच आज बांधलं तर इंजिन खडखडेल आणि पिस्टन फुटतील. शिसं गेल्यामुळे हेडचं काम करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कडक धातूच्या बसवून घ्या. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या नव्या घाला.

कॅम निवडताना हात आखडता घ्या. मोठ्या कॅमचा अडखळता आवाज सर्वांना आवडतो, पण त्याला साथ द्यायला कॉम्प्रेशन, गिअरचं प्रमाण आणि टॉर्क कन्व्हर्टर हे सगळं बदलावं लागतं. ३.०८च्या मागच्या गिअरवर मोठा कॅम बसवलेली गाडी जाग्यावरून हलताना मूळ गाडीपेक्षाही मंद होते. कॅम विकणाऱ्याला गाडीचं वजन, गिअर, कॉम्प्रेशन आणि टायरची उंची हे चार आकडे द्या आणि तो सुचवेल त्याहून एक पायरी लहान घ्या.

न जुळणाऱ्या पार्टांचा धोका सर्वांत महाग पडतो. ४५४ आणि स्मॉल-ब्लॉक ४०० या इंजिनांचा बॅलन्स बाहेरच्या पार्टांवर, म्हणजे फ्लायव्हील आणि पुढच्या डॅम्परवर अवलंबून असतो. ३९६, ४२७ आणि जुनं ३५० यांचा आतच असतो. १९८६पासून ३५०चं मागचं क्रँक सील एकसंध झालं आणि फ्लायव्हीलही बदललं. एकाचं फ्लायव्हील दुसऱ्याला बसतं असं वाटतं, बोल्टही लागतात, आणि मग इंजिन थरथरत बेअरिंगा खातं. क्रँक, रॉड, पिस्टन, डॅम्पर आणि फ्लायव्हील एकत्र शॉपला नेऊन बॅलन्स करून घ्या.

बांधताना

खोलतानाच प्रत्येक मेन कॅप आणि रॉड कॅपवर नंबर ठोका. कॅप अदलाबदल झाल्या तर भोकं गोल राहत नाहीत.

शॉपमधून आलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण नसतो. होनिंगची बारीक रेती बोअरच्या रेघांत बसलेली असते आणि ती पेट्रोलने किंवा रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश घेऊन घासा. मग पांढरं सुती फडकं तेलात बुडवून बोअरमधून फिरवा. जुन्या पंचाचं फडकं असेल तर उत्तम, त्याला धागे सुटत नाहीत. फडकं करडं झालं तर पुन्हा धुवा. पांढरं राहीपर्यंत धुवा. मला एकदा पाच वेळा धुवावं लागलं होतं. पाणी टिपून लगेच तेलाचा हात द्या, नाहीतर डोळ्यांदेखत गंज चढतो.

मोजायची मापं, स्मॉल-ब्लॉक धरून :

- बेअरिंगची मोकळीक : जर्नलच्या प्रत्येक इंच व्यासाला एक थाऊ. २.४५ इंचाच्या मेन जर्नलला सुमारे अडीच थाऊ.
- वरच्या रिंगेची फट : बोअरच्या प्रत्येक इंचाला चार थाऊ, म्हणजे ४.०३० इंचाला सोळा. थोडी जास्त चालते, कमी मुळीच नको. गरम झाल्यावर टोकं भिडली तर रिंग आणि पिस्टन दोन्ही तुटतात.
- पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर : इनटेकला ८० थाऊ, एक्झॉस्टला १००.

प्रत्येक आकडा वहीत उतरवा. बोल्ट आवळताना टॉर्क रेंच वापरा, हेड मधून बाहेरच्या दिशेने आणि तीन टप्प्यांत. स्मॉल-ब्लॉकच्या हेड बोल्टांची भोकं थेट पाण्याच्या जाकिटात उघडतात, तेव्हा आट्यांना सीलर लावायला विसरू नका. हे विसरलेली इंजिनं महिनाभराने तेलात पाणी घेऊन परत खोलावी लागलेली मी पाहिली आहेत.

पहिली वीस मिनिटं

जुन्या पद्धतीचा सपाट टॅपेटचा कॅम असेल, तर त्याचं आयुष्य पहिल्या वीस-तीस मिनिटांत ठरतं. अलीकडच्या तेलांत झिंक आणि फॉस्फरस कमी केलेले आहेत, कारण ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतात. नव्या गाड्यांना ते चालतं. तुमच्या कॅमला नाही. ब्रेक-इनसाठी बनवलेलं तेलच भरा. दुहेरी व्हॉल्व्ह स्प्रिंग असतील तर आतल्या तात्पुरत्या काढून ठेवा. खर्चाची तयारी असेल तर रोलर कॅम घ्या, मग ही सगळी धास्तीच उरत नाही.

सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा आणि सगळ्या रॉकरपर्यंत तेल पोचल्याचं डोळ्यांनी पाहा. टायमिंग बरोबर लावा. शेव्हीचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२. कार्ब्युरेटरच्या वाट्या पेट्रोलने भरा, म्हणजे स्टार्टर मारत बसावं लागणार नाही. अग्निशामक आणि एक माणूस शेजारी ठेवा, गॅरेजचं दार उघडं ठेवा. इंजिन पेटताच थेट दोन हजार फेऱ्यांवर न्या आणि वीस-तीस मिनिटं दोन ते तीन हजारांत वरखाली करत राहा. आयडलवर सोडू नका. पाणी गळालं किंवा तेलाचा दाब पडला तर बंद करा, दुरुस्त करा आणि पुन्हा थेट दोन हजार. नंतर तेल-फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून घड्या उलगडा. चकाकणारे कण थोडे असतातच. ठिपक्यांऐवजी पापुद्रे दिसले तर गाडी स्ट्रिपवर नेऊ नका.

विमा आणि कायदा

नेहमीच्या विम्यात जुन्या गाडीची किंमत वापरानुसार घटत जाते. ‘अॅग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी घ्या, म्हणजे ठरलेली रक्कम मिळते. ‘स्टेटेड व्हॅल्यू’ हा शब्द तसाच ऐकू येतो, पण त्यात कंपनीला कमी रक्कम देण्याची मोकळीक असते. दोन्हींत शर्यतीतलं नुकसान साधारणपणे वगळलेलं असतं. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आयुर्विम्याच्या अर्जात मोटार शर्यतीबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. स्ट्रिपच्या दारात सही करायचा कागद म्हणजे नुकसानभरपाईच्या हक्कावर सोडलेलं पाणी असतं, तो वाचून सही करा.

रस्त्यावर शर्यत लावू नका. माणसं मरतात, हे पहिलं आणि पुरेसं कारण. पण व्हिसावर असलेल्या वाचकांनी आणखी एक लक्षात घ्यावं : बऱ्याच राज्यांत यासाठी अटक होऊ शकते, गाडी जप्त होते, आणि ग्रीन कार्डाच्या अर्जात आजवर कधी अटक झाली आहे का, असा थेट प्रश्न असतो.

स्ट्रिपवर पहिला दिवस

स्पर्धेच्या दिवशी जाऊ नका. ‘टेस्ट अँड ट्यून’ची संध्याकाळ शोधा, शुल्क भरून आपल्या गाडीवर हव्या तेवढ्या धावा करता येतात. पूर्ण लांब पँट, बाह्यांचा शर्ट, बंद बूट. रेडिएटरचं सांडलेलं पाणी धरायला किमान अर्ध्या लिटरचा डबा बसवा, बॅटरी घट्ट बांधा, डिकीतल्या सगळ्या सुट्या वस्तू काढा. तपासनीस या गोष्टी पाहतात आणि त्यांच्याशी बोलायला लाजू नका. नवख्याला ते आपुलकीने सांगतात.

साध्या टायरांवर असाल तर बर्नआउटच्या पाण्याला वळसा घालून जा, कारण खाचांत पाणी धरून तुम्ही ते सुरुवातीच्या रेषेपर्यंत न्याल. मग ‘ख्रिसमस ट्री’. वरचे दोन छोटे दिवे गाडी जागेवर आल्याची खूण देतात. त्यानंतर तीन पिवळे, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने, आणि मग हिरवा. इथे जवळजवळ प्रत्येक नवखा घाबरतो, आणि घाबरायचं कारण नाही : तुमच्या धावेचं घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. पुढचं चाक प्रकाशकिरणातून बाहेर पडतं तेव्हा सुरू होतं. उशिरा निघालात तर प्रतिसादाची वेळ वाढेल, धावेचे सेकंद तेवढेच राहतील. शांतपणे निघा.

शेवटच्या रेषेनंतर ब्रेक हळू दाबा, शेजारच्या गाडीसमोरून वळू नका. गाडीखालून काही सांडतंय असं वाटलं तर लगेच कडेला घ्या. ट्रॅकवर तेल सांडत तसंच पुढे जाणं हा स्ट्रिपवरचा सर्वांत मोठा अपराध मानला जातो, कारण मागून येणारा माणूस त्यावर घसरतो.

परतीच्या वाटेवर खिडकीतून कागदाची पट्टी मिळते. तिच्यावरचा पहिल्या ६० फुटांचा आकडा आधी वाचा. तिथे वाचवलेला एक दशांश सेकंद शेवटी दीड ते दोन दशांश होऊन मिळतो, म्हणजे टायरमधली हवा थोडी कमी करून जे साधतं ते कधीकधी नव्या कार्ब्युरेटरनेही साधत नाही. मग शेवटचा वेग पाहा. वेग चांगला आणि सेकंद वाईट असतील तर इंजिन ठीक आहे, चाकं घसरताहेत. दोन्ही वाईट असतील तर इग्निशनचं टायमिंग तपासा; स्मॉल-ब्लॉकला साधारण ३४ ते ३६ अंश एकूण अॅडव्हान्स लागतो. दोन धावांमध्ये एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते त्या पट्टीच्या मागे लिहा : टायरचा दाब, हवेचं तापमान, टायमिंग. पट्ट्या इंजिनाच्या मापांच्या त्याच वहीत चिकटवा. पुढच्या वर्षी रिंगांनी दम सोडायला सुरुवात केली, तर आधी या आकड्यांत दिसेल, धुरात नंतर.